मरहूम डॉ. रफिक झकेरिया : संस्था आणि घर दोन्ही घडवणारा माणूस

मॅनेजमेंट म्हटलं की आपल्याला मोठ्या कंपन्याच आठवतात. मरहूम डॉ. रफिक झकेरिया यांनी मात्र ते मराठवाड्यात कॉलेज उभारून दाखवलं.

नालासोपाऱ्यात १९२० साली त्यांचा जन्म झाला. मुंबईत एम.ए.ला सुवर्णपदक, पुढे लंडनहून पीएच.डी. आणि बॅरिस्टरी. १९६२ साली ते औरंगाबादमधून आमदार झाले, मंत्री झाले. दुसऱ्याच वर्षी तिथं मौलाना आझाद कॉलेज सुरू झालं. मंत्रिपद गेलं, कॉलेज राहिलं. पुढे मुलींसाठी वेगळं कॉलेज आलं. ताज ग्रुपला सोबत घेऊन हॉटेल मॅनेजमेंटची संस्थाही उभी राहिली.

घरातही तालीमच पहिली. बेगम फातमा नावाजलेल्या पत्रकार होत्या. शौहरच्या पश्चात संस्थेचा कारभार त्यांनीच सांभाळला. मुलगा फरीद अमेरिकेत नामवंत पत्रकार झाला, अर्शद बँकिंगमध्ये मोठ्या हुद्द्यावर पोचला.

९ जुलै २००५ रोजी डॉक्टरसाहेबांचं इंतकाल झालं. कॉलेजच्या आवारातच त्यांची कबर आहे.

इथं पिंगळीत आम्ही शिक्षक दरसाल बघतो, दहावी झाली की एखादी हुशार पोरगी घरीच बसते. तिला परभणीला, औरंगाबादला पाठवायला हिंमत लागते आणि खर्चाची सोयही. मोहल्ल्यात लग्नासाठी वर्गणी जमते, मग फीसाठी का जमू नये? डॉक्टरसाहेबांना खरी खिराज-ए-अकीदत तीच ठरेल.

अल्लाह त्यांची मगफिरत करो. आमीन.