सर अल्बर्ट हॉवर्ड आणि इंदूरची माती

आमच्या शाळेच्या फाटकापाशी डायँथसचा एक वाफा आहे. कातरलेल्या कडांच्या पाकळ्या, निळसर राखी झाक असलेली अरुंद पाने, आणि जवळ वाकून पाहिल्यास लवंगेची आठवण करून देणारा मंद गंध, असे हे फूल. त्याच्या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थ देवाचे फूल असा आहे. शरदात रोपे लावावीत व वसंतापर्यंत रंगांची शोभा पाहावी, असा त्याचा आपल्या माळव्यातील क्रम. परंतु पहिल्या वर्षी आम्हांस त्यांतले एकही फूल दिसले नाही. भर गणेशोत्सवातच आम्ही उत्साहाने रोपे लावली व वर ताज्या शेणाच्या पाट्या ओतल्या. परतीच्या पावसाने काळी माती घट्ट चिखल होऊन बसली आणि आठ दिवसांत रोपे बुडाशी कुजून आडवी झाली.

आमचा जन्म कोकणातला. तिकडील जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीत पाणी पडले की निथळून जाते. काळ्या मातीचा हा स्वभाव आम्हांस ठाऊक नव्हता. माळीदादांनी एक रोप उपटून मुळे दाखविली. ती तपकिरी पडून मऊ झाली होती. मुळांना पाणी अधिक झाले नाही, त्यांना श्वासच घेता आला नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. या विषयात आमचा अधिकार नाही. म्हणून पुस्तके धुंडाळू लागलो, आणि माळीदादांचे ते म्हणणे शंभर वर्षांपूर्वी याच इंदुरात प्रयोगांनी तपासणारा पुरुष आम्हांस भेटला. त्याचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी झाला. वडील शेतकरी होते. लंडन व केंब्रिज येथे शास्त्राचे उत्तम शिक्षण घेऊन ते १८९९ मध्ये वेस्ट इंडीज बेटांतील बार्बाडोस येथे बुरशीरोगांचे तज्ज्ञ म्हणून गेले. उसाच्या व कोकोच्या रोगांवर शेतकऱ्यांना सल्ला देणे हे त्यांचे काम. तेथे त्यांना एक गोष्ट बोचू लागली. रोगट पाने प्रयोगशाळेत येत, सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जात व उपायाचा कागद बाहेर जाई. परंतु तो उपाय स्वतः करून पाहावा तर हातभर जमीनही हाताशी नव्हती. जे स्वतः पिकविले नाही त्याविषयी इतरांस काय सांगावे, हा प्रश्न त्यांना पुढे जन्मभर पुरला.

१९०५ मध्ये ते हिंदुस्थान सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधील पुसा येथे आले. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झाला. या बाई केवळ साहेबांच्या पत्नी नव्हत्या. केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर त्यांनी नामांकित संशोधन केले होते. पुढे १९१३ मध्ये त्यांना स्वतःचे सरकारी पदही मिळाले. गव्हाच्या पुसा ४ आणि पुसा १२ या वाणांचे श्रेय या दोघांचे आहे. त्यांच्या अनेक लेखांवर दोघांची नावे शेजारी शेजारी छापलेली आहेत. तरी पुढील काळात लोकांच्या तोंडी एकच नाव राहिले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य ध्यानात घ्यावी.

पुसा येथे हॉवर्ड यांना पंचाहत्तर एकर जमीन मिळाली. मग त्यांनी काय केले? आसपासचे शेतकरी औषध फवारीत नसत, तरी त्यांची पिके बहुधा निरोगी असत. ती कशी, हे पाहण्यास त्यांनी आरंभ केला. एवढा मोठा विद्वान, पण बिहारी शेतकऱ्यास आणि पिकावरील किडीस त्याने आपले गुरू मानले. किडीला मारण्याआधी ती आली का, हे तिलाच विचारावे, अशी ही दृष्टी. आपल्या बैलांनाही ते उत्तम जमिनीतील चाऱ्यावर पोशीत. शेजारच्या गोठ्यांतील लाळखुरकुताच्या जनावरांशी त्या बैलांनी कुंपणावरून नाक लावले तरी ते आजारी पडले नाहीत, असे त्यांनी नमूद केले आहे. यावरून त्यांनी काढलेला व्यापक निष्कर्ष, की जमीन निरोगी असेल तर रोग मुळी येणारच नाही, सर्वच शास्त्रज्ञांना मान्य झालेला नाही. आम्हांसही तो जरा जास्तच वाटतो. परंतु प्रश्न त्यांनी योग्य जागी विचारला, यात संशय नाही.

पुसा येथील एका गोष्टीचा मात्र त्यांना कंटाळा आला. कीटकांचे खाते वेगळे, बुरशीचे वेगळे, रसायनाचे वेगळे. आणि झाड तर एकच! सर्व अंगांनी एकत्र काम करता यावे म्हणून त्यांनी स्वतंत्र संस्थेची खटपट केली. अखेर १९२४ मध्ये इंदूर येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खर्चाचा भार कापूस समितीने व मध्य भारतातील संस्थानांनी उचलला. आजचे शेतकी महाविद्यालय त्याच भूमीवर आहे.

येथे त्यांची गाठ आमच्या वाफ्याच्या शत्रूशी पडली. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगून हवा कोंडते, आणि उन्हाळ्यात भेगाळते. हॉवर्ड यांनी आधी चर व बांध घालून पाणी निथळण्याची सोय केली, आणि नंतर मातीस भुसभुशीत करणाऱ्या खताकडे वळले. शेण तर घरोघर गोवऱ्या होऊन चुलीत जात होते. गरीब माणसाचे इंधन कोण हिरावून घेणार? म्हणून थोडेसेच शेण घेऊन शेतातील सर्व काडीकचऱ्याचे खत करण्याचा मार्ग त्यांनी शोधला. चीनमधील शेतकऱ्यांच्या जुन्या पद्धतींचाही त्यांनी अभ्यास केला होता.

तीस फूट लांब, चौदा फूट रुंद व दोन-तीन फूट खोल असा खड्डा. त्यात पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेण, गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांचा पातळ थर, पाण्याचा शिडकावा, आणि पुन्हा पालापाचोळा. पऱ्हाट्या फार टणक, म्हणून त्या आधी गाडीरस्त्यावर पसरीत व बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. ही युक्ती आम्हांस फार आवडली! खड्ड्यातील ढीग साधारण पंधरवड्याने, महिन्याने व दोन महिन्यांनी असा तीनदा उलथावयाचा, कारण खत कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांनाही हवा हवी असते. तीन महिन्यांत काळे, भुरभुरीत, दुर्गंधी नसलेले खत तयार होई. या कामी रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड त्यांचे सहकारी होते. १९३१ मध्ये या विषयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला तो दोघांच्या नावाने. या रीतीस हॉवर्ड यांनी आपले नाव न देता आपल्या गावाचे दिले. जगभर ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते.

कापसाच्या संशोधकांस हे रुचले नाही. नवे वाण शोधण्याचे सोडून हा गृहस्थ कचऱ्यात का हात घालतो, असे अनेकांस वाटे. अशातच ऑगस्ट १९३० मध्ये गॅब्रिएलबाईंचा जिनिव्हा येथे अंत झाला. पंचवीस वर्षांची सोबत संपली. पुढल्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले. ज्या विचाराला येथे थंडे स्वागत मिळाले, तो नंतर केनियातील कॉफीच्या आणि हिंदुस्थानातील चहाच्या मळ्यांत रुजला. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली व पुढे आपल्या पत्रातून या खताचा पुरस्कार केला. हॉवर्ड यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ १९४० चा. तो त्यांनी गॅब्रिएलबाईंच्या स्मृतीस अर्पण केला आहे. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

आम्ही शाळेच्या मागील अंगणात खड्डा खणला तो अर्थातच लहान. आठवीच्या मुलांनी तो तीनदा उलथला. पहिल्या खेपेस नाके धरली, तिसऱ्या खेपेस धरली नाहीत. वाफा नऊ इंच उंच करून त्यात हे खत व जाडी वाळू मिसळली, आणि रोपे दसऱ्यानंतर, पाऊस पुरता सरल्यावर, वीतभर अंतराने लावली. शेंडे एकदा खुडले. माघात फुले आली. पहिला बहर ओसरताच देठ छाटले, तेव्हा फाल्गुनात दुसरा आला. चैत्राच्या उन्हात मात्र रोपे टिकत नाहीत. रंगांच्या हौसेने आम्ही आणलेल्या चिनी जातीस वास जवळजवळ नाही, हेही कळले. लवंगेचा गंध कार्नेशनच्या ओळीलाच आहे. भिंतीकडील चार रोपे अद्याप कळीवर आलेली नाहीत. तेथे खत कमी पडले असे माळीदादा म्हणतात, आणि आम्ही म्हणतो सावली फार आहे. पुढील शरदात ती चार रोपे उन्हात लावून पाहण्याचे ठरले आहे.