गाद्या वाहणारा प्रोफेसर

रूमवर नवा स्पीकर आणलाय. टेबलावर ठेवला तर बेस जेमतेम, कोपऱ्यात ठेवला की सगळं घुमतंय. दोष स्पीकरचा की खोलीचा? असाच प्रश्न १८९५ साली अमेरिकेत, हार्वर्डमधल्या २७ वर्षांच्या एका फिजिक्सच्या शिक्षकाच्या गळ्यात पडला. वॉलेस सॅबिन त्याचं नाव.

विद्यापीठाच्या नव्याकोऱ्या फॉग म्युझियममधल्या लेक्चर हॉलमध्ये बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, पुढचे शब्द त्यातच बुडायचे. अध्यक्ष एलियट यांनी सॅबिनला सांगितलं, बघ काही करता येतं का. हाताशी मायक्रोफोन नाही, मीटर नाही. ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदणारं यंत्र आणि स्वतःचे कान, बस्स! सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, घुमारा मोजायचा आणि उजाडायच्या आत परत नेऊन ठेवायच्या. आपली सबमिशनची रात्र वर्षातून एकदा येते, याच्या अशा कित्येक रात्री गेल्या.

मग लक्षात आलं की अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. तीन हजारांहून जास्त नोंदी त्याने सरळ बाद केल्या आणि पुढे प्रत्येक प्रयोगाला तेच कपडे घातले. माझ्या लेखी हा माणूस मोठा ठरतो तो इथे.

१८९८ मध्ये सूत्र सापडलं. खोलीचं घनफळ वाढलं की घुमारा लांबतो, आवाज शोषणाऱ्या वस्तू वाढल्या की आखडतो. त्याच्या जोरावर १९०० मध्ये बॉस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला. आजही जगातल्या उत्तम हॉलमध्ये त्याचं नाव घेतात.

बेसवाल्यांसाठी खरी गंमत त्यानंतर. आधीचे प्रयोग एकाच सुरावर झाले होते. सॅबिनने खर्जापासून वरच्या सुरांपर्यंत मोजलं, तेव्हा दिसलं की मऊ वस्तू वरचे सूर गिळतात, खर्ज मात्र बराचसा तसाच सोडतात. म्हणूनच भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून घुमणारा बेस हटत नाही. त्याला चांगला जाड थर लागतो, तोही कोपऱ्यात.

छोट्या खोलीत आणखी एक भानगड असते, ती सॅबिनच्या सूत्रात सापडत नाही. ५० हर्ट्झची ध्वनिलहर जवळपास ७ मीटर लांब. साडेतीन मीटरच्या खोलीत ती समोरासमोरच्या भिंतींत अडकते. भिंतीपाशी दणका, मधोमध जवळपास गायब! स्पीकर बदलण्याआधी बसायची जागा दोन फूट सरकवून बघा.

पहिल्या महायुद्धात सॅबिन सरकारी कामात तब्येत विसरून राबला. जानेवारी १९१९ मध्ये, अवघ्या पन्नाशीत, तो गेला. आवाजाच्या शोषणाचं माप आजही ‘सॅबिन’मध्येच मोजतात.