बाटली क्रमांक ५३ एन

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर टाटा आणि केईएममध्ये आलेल्या रुग्णांची, नातेवाइकांची दिवसभर ये-जा असते. तिथल्याच ‘हाफकिन’चे नाव त्यांनी ऐकलेले असते ते पोलिओच्या डोसामुळे किंवा सर्पदंशावरच्या इंजेक्शनमुळे. पण हाफकिन नावाचा एक माणूस होता आणि इथेच भरलेल्या लसीच्या एका बाटलीने त्याच्या आयुष्याची घडी विस्कटली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसातल्या ज्यू कुटुंबातला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. लोक गावाकडे पळू लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईत धाडले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रश्शात तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, मग उष्णता देऊन ते मारले. १० जानेवारी १८९७ रोजी या लसीचा मोठा डोस त्यांनी स्वतःला टोचला. ताप भरला, अंग ठणकले, तरी काम थांबले नाही.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस दिली गेली. त्यानंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले, ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, दोघेही वाचले. कैद्याची संमती कितपत खरी, असा प्रश्न आज कोणीही विचारेल, आणि तो योग्यच आहे. पण टोचलेले आणि न टोचलेले यांची अशी शेजारी-शेजारी तुलना त्या काळी विरळाच होती.

लोकांचा लशीवर विश्वास मात्र नव्हता. प्लेगच्या नावाखाली घराघरांत घुसणारे सरकार आणि सुई घेऊन आलेला साहेब यांत फरक करणार कसा? आगाखान यांनी पुढे येऊन स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीड चेपली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि लस देशभर जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला. एकही वाचला नाही. सगळ्यांना एकाच, ५३ एन क्रमांकाच्या बाटलीतून टोचले होते. चौकशी आयोगाने दोष परळवर ठेवला. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळले होते आणि केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. तेच त्यांच्या अंगाशी आले. त्यांना पदावरून दूर केले गेले. १९०४ मध्ये ते देश सोडून गेले.

खरे तर कागदपत्रांतच दुसरी बाजू होती. मुल्कोवालला बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय महिनाभराहून आधी भरलेल्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू असते, तर तोवर विष साठून लक्षणे ताबडतोब दिसली असती. ती दिसली आठवड्याने. मातीतले थोडेसे जंतू त्याच दिवशी शिरले असावेत, असे मानणेच अधिक सयुक्तिक होते. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून हे जाहीरपणे मांडले, तेव्हा कुठे सरकारने त्यांच्यावरचा ठपका मागे घेतला. तोवर पाच वर्षे गेली होती.

हाफकिन परत आले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही आणि नव्या जागी त्यांच्या कामावर बंधने होती. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन युरोपात गेले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचे निधन झाले.