हनुमानाला आधी कुणी उडवलं? दादासाहेब फाळके आणि पडद्यावरच्या चमत्काराचं तंत्र

मागच्या सुट्टीत भातसानगरला भाच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी त्याने मोबाईलवर १९७७ सालचा स्पायडर-मॅन लावला. अमेरिकेत टीव्हीसाठी बनवलेला, निकोलस हॅमंड नावाच्या नटाचा. त्यात स्टंट करणारा माणूस खरोखर दोरीला लटकून इमारत चढतो. भाचा पोट धरून हसायला लागला. म्हणाला, काका, दोरी दिसतेय!

मी त्याला म्हटलं, अरे, याच्या साठ वर्षं आधी आपल्या माणसाने हनुमानाला आकाशात उडवलं होतं. तेही कॉम्प्युटर नाही, वीजसुद्धा धड नाही अशा काळात. त्याला खरंच वाटेना. म्हणून आजचा हा लेख.

छंद अनेक, धंदा एकही टिकेना

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश, मग बडोद्याचं कलाभवन. तिथे चित्रकला, फोटोग्राफी आणि छपाईसाठी ब्लॉक बनवणं शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, पण १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोघंही गेले. गाव सोडावं लागलं.

नंतर पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, मग लोणावळ्याला छापखाना. छपाईचं नवं तंत्र शिकायला १९०९ मध्ये जर्मनीलाही गेले. भागीदारांशी पटलं नाही आणि तेही सुटलं. मधल्या काळात ते जादूचे प्रयोग करायचे. नाव लावायचे प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा, कळेल!

वरवर बघितलं तर ही अपयशांची यादी वाटते. पण फोटो, रसायनं, छपाई आणि जादू या चारही गोष्टी पुढे एकाच कामात लागणार होत्या.

वाटाण्याचा वेल आणि गहाण पडलेला विमा

१९११ च्या ईस्टरला गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. असंच राम-कृष्णांना पडद्यावर आणायचं, हे डोक्यात बसलं. रात्रंदिवस चित्रपट बघून आणि प्रयोग करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे विल्यमसन कॅमेरा घेतला, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला.

आता पैसे कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर ठराविक वेळाने एकेक फ्रेम टिपली. पडद्यावर मिनिटाभरात बी फुटून वेल वर चढला. आज मोबाईलमध्ये ज्याला आपण टाइम-लॅप्स म्हणतो, ते हेच. ते पाहून कर्ज मिळालं. पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

चमत्कार घडायचा कसा?

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली. मुंबई-नाशिक रेल्वे आपल्याच तालुक्यातून जाते. आसनगाव, आटगाव, खर्डी, मग कसाऱ्याचा घाट. पडद्यावरचे देव मुंबईला पोचायचे ते याच वाटेने, डब्यात बंद होऊन!

१९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये हनुमान आकाशात झेपावतो आणि लहान लहान होत जातो. अण्णा साळुंके या नटाने त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या, कारण बायका काम करायला तयार नसत. चित्रपटावर लोक इतके तुटून पडले की मद्रासला जमलेली नाणी बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली. ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये (१९१८) कंसाचं डोकं धडावेगळं होऊन वर जातं आणि परत मानेवर बसतं.

त्या काळी अशा युक्त्या मुख्यतः दोन प्रकारे व्हायच्या.

१. थांबवून बदलणं: कॅमेरा थांबवायचा, वस्तू किंवा माणूस बदलायचा, पुन्हा चालू करायचा. पडद्यावर माणूस एका क्षणात गायब.

२. दुहेरी छायांकन: काळ्या पार्श्वभूमीवर नट टिपायचा. तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर दुसरं दृश्य टिपायचं. काळ्या भागाने फिल्मवर काहीच उमटत नाही, त्यामुळे तिथे आकाश बसतं आणि नट तरंगताना दिसतो.

ऐकायला सोपं आहे, पण कॅमेरा हाताने फिरवायचा. सेकंदाला साधारण सोळा फ्रेम. हात जरा अडखळला तर दोन्ही दृश्यांची गती जुळत नाही. चुकलं तर डिलीट बटण नाही, फिल्म वाया.

आणखी एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती अंधारात पाडावी लागत. भोकं वेडीवाकडी पडली तर चित्र थरथरतं आणि दुसऱ्यांदा टिपलेलं दृश्य पहिल्यावर नीट बसत नाही. हे काम सरस्वतीबाई करायच्या. दिवसभर कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक आणि रात्री भोकं पाडणं, फिल्म धुणं. हनुमान उडाला त्यात त्यांच्याही हाताचा वाटा आहे.

शेवट

१९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पण भागीदारांशी वाद झाले आणि फाळके काशीला निघून गेले. काही वर्षांनी परतले खरे, तोवर काळ बदलत होता. बोलपट आले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा सिनेसृष्टी त्यांना जवळपास विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

नव्वदहून अधिक चित्रपटांपैकी आज मोजकेच तुकडे शिल्लक आहेत. ‘लंकादहन’चा एक छोटा भाग उरलाय. कारणही तांत्रिकच आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची. ती सहज पेट घेते आणि नीट ठेवली नाही तर आपोआप कुजून तिची भुकटी होते. म्हणून आपल्या घरातल्या लग्नाच्या जुन्या कॅसेट, फोटोच्या निगेटिव्ह माळ्यावर पडल्या असतील तर वेळीच डिजिटल करून दोन ठिकाणी ठेवा.

भाच्याला ‘कालिया मर्दन’ दाखवला. तो सगळ्यात जास्त शिल्लक राहिलेला. पाच मिनिटं हसला, मग गप्प झाला. शेवटी स्क्रीनजवळ तोंड नेऊन विचारलं, काका, यात दोरी कुठेय?