शरणपूरचा जेकब वेनराइट

कॉलेजला, कामाला जाताना शरणपूर रोड लागतोच. त्याच शरणपुरात दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकन मुलं वाढत होती, हे किती जणांना माहीत आहे?

जेकब वेनराइट हा पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा. लहानपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्याला पळवलं. ब्रिटिश आरमाराने जहाज अडवून सोडवलेली अशी मुलं मुंबईत उतरवली जात आणि त्यातली काही नाशिकला, चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वस्तीत येत. तिथे इंग्रजी, बायबल, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. जेकबला बाप्तिस्म्याबरोबर इंग्रजी नाव मिळालं. गुलामगिरीतून सुटका झाली हे खरंच, पण त्या सुटकेची किंमत आपलं सगळं मागे टाकून दुसऱ्यासारखं होणं ही होती. आपल्या लोकांनी १९५६ साली धम्म स्वीकारला तो स्वतःच्या निर्णयाने. या मुलांना कुणी विचारलंही नव्हतं.

१८७२ मध्ये नाशिकच्या काही मुलांना लिव्हिंगस्टनच्या मदतीसाठी आफ्रिकेत पाठवलं, त्यात जेकब होता. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला. सुसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांच्या पुढाकाराने त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली जेकबने, झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. मग मृतदेह खांद्यावर घेऊन ही माणसं दीड हजारांहून जास्त किलोमीटर चालत समुद्रापर्यंत आली.

मृतदेहाबरोबर लंडनला मात्र जेकबच गेला. सुसी आणि चुमा अंत्ययात्रेनंतर पोहोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत तो एकटा आफ्रिकन होता. माझ्या मते, इंग्रजांना त्यांच्यासारखं बोलणारा, वाचणारा आफ्रिकन दाखवायला हवा होता.

परत गेल्यावर काय? पूर्व आफ्रिकेत या मंडळींना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. इंग्रजी कपडे, इंग्रजी बोलणं, म्हणून स्थानिकांना ते परके वाटत. मिशनरी त्यांना गर्विष्ठ म्हणत आणि गोऱ्यांपेक्षा कमी पगार देत. आडनाव बदलून मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या पोरांना ही कोंडी वेगळी समजावून सांगायला नको.

जेकबने तिकडच्या मिशनांमध्ये नोकऱ्या केल्या आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो इथे तो वारला. लिव्हिंगस्टनच्या थडग्यावरच्या दगडात विश्वासू हातांचा उल्लेख आहे, त्या हातांपैकी एकाचंही नाव नाही.