बालगंधर्वांचा स्वर

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे हे संतांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. दामाजीपंत आणि चोखामेळा यांच्याप्रमाणेच संत कान्होपात्रेचे नावही या गावाशी जोडलेले आहे. हलके मानल्या गेलेल्या कुळात तिचा जन्म झाला. पुढे बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा राजवैभवाचा मोह न धरता ती पंढरपुरास विठ्ठलाच्या पायांशी गेली आणि तेथेच तिने देह ठेवला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. 1931 साली ही कथा संगीत नाटकाच्या रूपाने मराठी रंगभूमीवर आली. त्या नाटकात कान्होपात्रेची भूमिका करणारे नट 43 वर्षांचे पुरुष होते. परंतु त्यांनी अभंग आळविण्यास आरंभ केला की प्रेक्षकांना त्यांच्या वयाचा विसर पडे आणि विठ्ठलाचा धावा करणारी कान्होपात्राच समोर उभी राही. त्या नटांचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व या नावाने ओळखतो.

नारायणरावांचा जन्म 26 जून 1888 रोजी झाला. लहानपणी त्यांनी जळगाव येथे मेहबूबखाँ यांच्याजवळ गाण्याचे पहिले धडे घेतले. 1898 साली पुण्यात लोकमान्य टिळकांनी या दहा वर्षांच्या मुलाचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्यास बालगंधर्व म्हटले. तेच नाव पुढे जन्मभर राहिले. या मुलाच्या कानास दोष होता, त्यास कमी ऐकू येई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मिरज येथील रुग्णालयात त्याच्या उपचारांची व्यवस्था केली आणि त्याला किर्लोस्कर नाटक मंडळीकडे जाण्याचा मार्ग दाखविला.

किर्लोस्कर मंडळीचे दिवस त्या वेळी कठीण होते. शकुंतला आणि सुभद्रा या भूमिका अजरामर करणारे भाऊराव कोल्हटकर 1901 साली निवर्तले होते. भाऊरावांच्या आवाजाने एका पिढीला वेड लावले होते. पण तो आवाज पुढच्या पिढीस ऐकावयास मिळाला नाही. ग्रामोफोन कंपनीने भारतातील गायकांचे गाणे तबकडीवर उतरविण्यास कलकत्त्यात प्रारंभ केला तो 1902 साली. अवघ्या दीड-दोन वर्षांच्या अंतराने एक थोर स्वर कायमचा हरपला. भाऊरावांची रिकामी जागा भरून काढण्याचे अवघड काम सतरा वर्षांच्या नारायणावर येऊन पडले. 1905 साली मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेत त्यांनी रंगभूमीवर पाऊल टाकले आणि मंडळीस पुन्हा चांगले दिवस आले.

त्या काळी स्त्रिया सहसा नाटकात काम करीत नसत. त्यामुळे स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांनी या भूमिका अशा तन्मयतेने केल्या की त्यांची लुगडे नेसण्याची व केस बांधण्याची पद्धत घरोघरच्या स्त्रिया उचलू लागल्या. 12 मार्च 1911 रोजी मुंबईस 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले. प्रयोग पुढे ढकलला असता तर कोणीही दोष दिला नसता. परंतु प्रेक्षक निराश होऊन परत जातील आणि मंडळीचे नुकसान होईल, हा विचार करून त्यांनी आपले दुःख गिळले आणि भामिनीच्या भूमिकेत ते उभे राहिले. त्या रात्री भामिनीच्या गाण्यांनी नाट्यगृह भारून गेले.

1913 साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासमवेत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. 1916 साली 'स्वयंवर' नाटक आले. त्यातील पदांना भास्करबुवा बखले यांनी रागदारी चाली दिल्या होत्या आणि रुक्मिणीच्या मुखातून बालगंधर्वांनी त्या सामान्य माणसाच्या ओठांवर नेल्या. 1919 साली राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' नाटकात ते सिंधू झाले. भामिनी भरजरी वस्त्रांत शोभणारी श्रीमंताची कन्या, तर सिंधू ही पतीच्या व्यसनामुळे दारिद्र्यात पिचणारी, फाटके लुगडे नेसून जात्यावर दळणारी गृहिणी. भूमिका बदलली की बालगंधर्वांचा स्वरही बदले. भामिनीचा तोरा, रुक्मिणीची उत्कंठा, सिंधूची कासाविशी आणि कान्होपात्रेची भक्ती ही त्यांच्या गळ्यातून वेगवेगळी प्रकट होत.

रंगभूमीवर हे गाणे निवांतपणे फुलत असे. प्रेक्षकांनी वन्समोअरचा पुकारा केला की बालगंधर्व तेच पद पुन्हा गात; मात्र दर वेळी त्यातून नवी जागा निघे. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा यांच्यासारखे श्रेष्ठ साथीदार असल्यावर गाण्यास अधिकच रंग चढे आणि नाटक संपता संपता पहाट होई.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र सारेच निराळे होते. आरंभीच्या काळात तेथे विजेवर चालणारा ध्वनिक्षेपक नव्हता. गायकाला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे. आवाजाने कर्ण्याच्या टोकाशी असलेला पातळ पडदा थरथरे, त्यास जोडलेली सुई हाले आणि फिरणाऱ्या मेणाच्या चकतीवर बारीक चर कोरला जाई. गाताना चूक झाली तर ती चकती टाकून पुन्हा पहिल्यापासून गावे लागे. मेणाच्या चकतीवरून धातूचा ठसा तयार करीत आणि त्या ठशाने लाखेच्या मिश्रणाच्या काळ्या तबकड्या छापीत. तबकडी मिनिटास 78 फेरे घेई आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. समोर प्रेक्षक नसत, टाळ्या नसत आणि वन्समोअरही नसे. 1925 नंतर विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि आवाज अधिक स्पष्ट उमटू लागला. पण तीन मिनिटांची मर्यादा तशीच राहिली.

रात्र अपुरी पडावी असे ज्यांचे गाणे, त्यांना तीन मिनिटांत ते आटोपावे लागे. बालगंधर्वांनी हे बंधन मानले. पसरट विस्तार त्यांनी बाजूला ठेवला. पण शब्दांचा स्पष्ट उच्चार, लयीची मौज आणि स्वरांतील आर्जव कायम राखले. त्यामुळे त्यांच्या तबकड्या ऐकणाऱ्यास नुसती चाल ऐकू येत नाही, तर गाणारी भामिनी किंवा सिंधू मनापुढे उभी राहते.

या तबकड्यांनी एक मोठे कार्य केले. नाटकमंडळी गावोगाव फिरत, पण तिकीट काढून नाटक पाहणे प्रत्येकास परवडत नसे. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या शहरात दिवसभर मागावर राबणाऱ्या कामगारास रात्रभर जागून नाटक पाहणे कठीणच होते. ग्रामोफोनला किल्ली दिली की तेच गाणे घरात, चावडीवर किंवा चहाच्या दुकानात ऐकू येई. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचे अभंग बालगंधर्वांच्या स्वरात असे तिच्याच मुलखात आणि साऱ्या महाराष्ट्रात पोहोचले.

तथापि जे तबकडीवर आले नाही, ते गेले. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. धैर्यधर झाले होते केशवराव भोसले आणि भामिनी झाले होते बालगंधर्व. दोन श्रेष्ठ गायक नट त्या रात्री एकाच रंगमंचावर गायले. चालू प्रयोगाचे ध्वनिमुद्रण करण्याची सोय तेव्हा नव्हती. पुढे तीन महिन्यांतच केशवराव वारले आणि त्या रात्रीचे गाणे ऐकणाऱ्यांच्या आठवणीतच उरले.

बालगंधर्वांना पैशाचा लोभ कधीच नव्हता. प्रेक्षकांस उत्तम तेच दाखवावे म्हणून ते अस्सल शालू, पैठण्या, गालिचे आणि अत्तरे यांवर सढळ हाताने खर्च करीत. त्यापायी मंडळीवर मोठे कर्ज झाले. ते त्यांनी टाळले नाही. अनेक वर्षे गाऊन, कष्ट करून फेडले. पुढे बोलपट आले आणि नाटकगृहे ओस पडू लागली. 1935 साली 'धर्मात्मा' या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, परंतु त्यांचे मन चित्रपटात रमले नाही. ते रंगभूमीकडे परतले. उतारवयात पाय अधू झाले, वैभव ओसरले, तरी बसल्या जागी ते भजने गात. 1964 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. 15 जुलै 1967 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

पुण्यात 1968 साली त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. लाखेच्या तबकड्या पुढे जुन्या झाल्या. हातातून पडली की तबकडी फुटे आणि वारंवार वाजविल्याने तिच्यावर ओरखडे उठत. रसिकांनी त्या जिवापाड जपल्या आणि त्यांतील गाणी नव्या साधनांवर उतरवून घेतली. ती ऐकताना प्रथम सुईची खरखर कानावर पडते. मग त्या खरखरीतून एक आर्जवी स्वर वर येतो आणि तीन मिनिटे खरखर ऐकूच येईनाशी होते. भरजरी वस्त्रे विरली, गालिचे गेले, मंडळीही मोडली. बालगंधर्वांनी तीन मिनिटांच्या मापाने मोजून ठेवलेले गाणे मात्र आजही ऐकू येते.