हाफकिन आणि पटकीची लस

कर्जत सोडल्यावर आगगाडी पळसदरीच्या पुढे बोरघाट चढू लागते, तेव्हा मुले बोगदे मोजण्यात दंग होतात. हा घाटमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. काम ऐन भरात असताना ४०,००० हून अधिक मजूर तेथे राबत होते. पटकीने व इतर रोगांनी त्यांतील हजारो दगावले. पटकी म्हणजे कॉलरा. जुलाब व वांत्या होऊन अंगातील पाणी व क्षार निघून जात. सकाळी कामावर गेलेला धडधाकट मनुष्य कधी कधी रात्र पाहत नसे. खेड्यापाड्यांतील लोक हा मरीआईचा कोप समजत आणि तिचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडीत. रोग मात्र पाण्यावाटे पसरत होता. त्याला कसली वेस!

घाटाचे काम चालू असतानाच, १५ मार्च १८६० रोजी, आज युक्रेनमध्ये असलेल्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म झाला. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे अध्ययन केले. धर्म बदलला असता तर त्यांना तेथेच अध्यापकाची जागा मिळाली असती. त्यांनी ती नाकारली. १८८९ साली ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. काम कोणते मिळाले? ग्रंथपालाच्या साहाय्यकाचे! फावल्या वेळात ते प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास करीत.

तोपर्यंत रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखला होता. स्वल्पविरामासारखा वाकडा हा जंतू १८८४ मध्ये त्यांना कलकत्त्यातील रोग्यांच्या आतड्यांत आणि एका तळ्याच्या पाण्यातही आढळला. रोगाचे निदान आता करता येऊ लागले, पण प्रतिबंधाची खात्रीची लस हाती नव्हती. हाफकिन यांनी दोन प्रकारची लस सिद्ध केली. पहिली उष्णता व हवा यांच्या योगाने दुर्बळ केलेल्या जंतूंची. दुसरी गिनीपिगच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन प्रबळ केलेल्या जंतूंची. पहिलीने शरीर सावध व्हावे आणि काही दिवसांनी दुसरीने त्याची तयारी पुरी व्हावी, अशी ही योजना होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. तरी सहा दिवसांनी त्यांनी दुसरीही घेतली.

१८९३ साली ते कलकत्त्यास आले. वैद्यकाची पदवी नसलेला हा परका गृहस्थ सुई घेऊन आलेला पाहून लोक बिथरले, दगडही पडले. तेव्हा हाफकिन यांनी व त्यांच्या सोबतच्या एका भारतीय डॉक्टरांनी लोकांदेखत लस टोचून घेतली. १८९४ मध्ये काटालबागान वस्तीतील सुमारे २०० जणांपैकी ११६ जण पुढे आले. पुढे त्या वस्तीत पुन्हा पटकी उद्भवली, ती केवळ लस न घेतलेल्यांत. हाफकिन यांची खरी थोरवी येथे दिसते. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या माणसांपैकी लस कोणी घेतली व कोणी घेतली नाही, आजारी कोण पडले, याची ते काटेकोर नोंद ठेवीत. १८९५ पर्यंत सुमारे ४२,००० लोकांना त्यांची लस टोचली गेली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यावरील लसही त्यांनी थोड्याच महिन्यांत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःवरच आजमावली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी त्यांच्या लसीच्या एका बाटलीत दोष शिरून १९ माणसे धनुर्वाताने मेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांना काम सोडावे लागले. बाटली गावात उघडताना निष्काळजीपणा झाला होता, असे त्यांच्या बाजूच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. पाच वर्षे मात्र गेली ती गेलीच.

पटकीची लस आता तोंडाने देतात, आणि रोग्याला मीठ-साखरेचे पाणी वेळेवर पाजले की बहुतेक जण वाचतात. परळच्या ज्या प्रयोगशाळेत हाफकिन लस करीत, तिला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचा अंत झाला.